शहरांचे वेगळेपण येते कुठून?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण मराठवाड्यात शाळकरी मुलांनाही पाठ असते. ती प्रथम कोणाच्या तोंडून निघाली, याच्या निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. काही जण ती अभिमानाने उच्चारतात, बरेच जण हसत हसत. परंतु या म्हणीतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणाने स्वतःची ओळख सांगताना मुंबई-पुण्याशी तुलना केली नाही. थेट जगाच्या नकाशावर बोट ठेवले. आपले गाव इतरांसारखे नाही, हे सांगण्याची माणसाची ओढ किती खोल असते, याचा हा नमुना आहे.

प्रश्न असा की, आज ते वेगळेपण दाखवायचे तर कशात दाखवायचे? १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतरच्या साडेतीन दशकांत शहरांचे मुख्य रस्ते एकमेकांसारखे होत गेले. तीच मोबाइलची दालने, तीच काचेच्या दर्शनी भागाची कापडदुकाने, त्याच शिकवणी वर्गांच्या जाहिराती आणि चौकाचौकांत तेच फ्लेक्स. परभणी, नांदेड, लातूर आणि जालना यांपैकी एखाद्या शहरात डोळ्यांवर पट्टी बांधून आणलेल्या माणसाची पट्टी भर बाजारपेठेत सोडली, तर केवळ दुकानांच्या पाट्या पाहून आपण कोठे आहोत हे त्याला ओळखता येणे कठीण आहे. मात्र त्याने डोळे मिटूनच कान उघडे ठेवले, तर कदाचित ओळखता येईल. शहराचे वेगळेपण शोधण्याची सुरुवात येथून करता येते.

अभ्यासक काय सांगतात

शहरांचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले आहे. अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, रहिवाशांच्या मनात शहराचे चित्र कसे तयार होते याचा शोध घेतला. रस्ते, कडा, वस्त्यांचे भाग, नाके आणि खुणेच्या वास्तू या पाच घटकांतून माणूस आपले शहर मनात साठवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९९१ मध्ये सास्किया सासेन यांनी न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो या 'जागतिक शहरां'चा अभ्यास मांडला. अशी शहरे आपल्या देशाच्या अंतर्भागापेक्षा एकमेकांशीच अधिक घट्ट जोडली जातात, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

ही दोन्ही निरीक्षणे महानगरांच्या संदर्भातील आहेत. परभणीसारख्या शहराला ती लावून पाहिली की तिसरी गोष्ट पुढे येते. या शहराचा चेहरा त्याच्या वास्तूंपेक्षा त्याच्या शिवाराने घडवलेला आहे. परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की वाटेत झरी हे गाव लागते. परभणी तालुक्यातील हे एक महसूल मंडळ. झरी आणि तिच्यासारखी गावे जे पिकवतात, जे बोलतात, ज्या कामासाठी शहरात येतात, त्यातूनच परभणीचा बाजार, परभणीची भाषा आणि परभणीच्या संस्था उभ्या राहिल्या. ही वाट दोन्ही दिशांनी वाहती असेपर्यंत शहराला स्वतःचा स्वभाव राहतो. ती आटली की उरतात त्या केवळ इमारती.

जगाशी संबंध नवा नाही

जगाशी संबंध आला म्हणून वेगळेपण संपते, हा समज इतिहासाला धरून नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन नगरांचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे आणि तेथून समुद्रापार जात असे. तेर येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई या उद्ध्वस्त नगरात मिळालेल्या मूर्तीशी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाडा रोमन साम्राज्याशी व्यापार करत होता आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, पैठण हे पैठण राहिले. जगाला हवे असलेले काहीतरी त्याच्याजवळ होते आणि ते त्याच्याच हातांनी घडत होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी निजामी राज्यात हैदराबाद ते मनमाड मीटरगेज रेल्वे आली आणि परभणी त्या मार्गावरील स्थानक झाले. काळ्या जमिनीतला कापूस त्या मार्गाने बाहेरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. पुढे परळीकडे जाणारा फाटा येथून निघाल्याने परभणी जंक्शन बनले. जगाच्या बाजारपेठेनेच या शहराला वाढवले. तेव्हा आजची अडचण जगाशी जोडले जाण्यात नसून, जोडले जाताना आपल्याकडून काय जाते आणि काय येते, यात आहे.

माती आणि हवा

कोणत्याही शहराचे पहिले वेगळेपण त्याच्या मातीत आणि हवेत असते. परभणी खोल काळ्या जमिनीवर वसले आहे. बसाल्ट खडकापासून झालेली ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. ती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा संपल्यावर केवळ त्या ओलीवर रब्बी ज्वारी उभी राहते. मे महिन्यात येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तो ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील तो आकडा दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या वृत्तपत्रांत छापून येतो.

या हवेला जुन्या माणसांनी दिलेले उत्तर म्हणजे माळवदाचे घर. जाड भिंती, लाकडी तुळयांवर पसरलेले मातीचे सपाट छत आणि उजेडासाठी ठेवलेले झरोके. उन्हाळ्यात ते घर आतून थंड राही, थंडीत ऊब धरी. त्याला दरवर्षी डागडुजी लागे, पावसात ते गळे आणि ते बांधणारे कसबी हात आता दुर्मीळ झाले आहेत, हे खरे. त्याची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली ती सोयीसाठीच. पण उन्हाळ्याच्या रात्री तापलेल्या स्लॅबखाली घामाघूम होणाऱ्या कुटुंबाने कूलर आणि वातानुकूलन यंत्राचे वीजबिल भरावे आणि हा तोटा कोणाच्याही हिशेबात धरू नये, हे मात्र नवल आहे. हवामान वेगळे आणि घरे सर्वत्र सारखी, हा सपाटीकरणाचा सर्वांत महागडा प्रकार आहे.

बोली आणि मोंढा

दुसरे वेगळेपण कानाला कळते. 'काय करायलास?', 'कुठं जायलास?' ही क्रियापदे ऐकली की समोरचा माणूस मराठवाड्याचा, हे पुणेकरालाही समजते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, बाजारात दखनी, घरात मराठी. या सहवासाच्या खुणा बोलीत जागोजागी आहेत. इतरत्र ज्याला कंत्राटदार म्हणतात तो येथे गुत्तेदार असतो. धान्याच्या घाऊक बाजारपेठेला मोंढा म्हणतात. नांदेडला मोंढा, जालन्याला मोंढा, परभणीला नवा मोंढा. बाजार समितीच्या कागदावर दुसरे नाव असले, तरी झरीचा शेतकरी माल घेऊन निघताना 'मोंढ्यात चाललो' असेच म्हणेल.

मोंढा हे केवळ खरेदी-विक्रीचे ठिकाण नव्हे. पेरणीपूर्वीची उधारी, आडत्याशी पिढ्यांचा संबंध, मुलीच्या लग्नाचे ठरणे, पावसाच्या बातम्या, राजकारणाचे अंदाज हे सारे तेथे घडते. लिंच यांच्या भाषेत सांगायचे तर हे शहराचे नाके. एखाद्या मॉलमध्ये सारे काही मिळते, पण ग्राहकाला कोणी त्याच्या गावाच्या नावाने हाक मारत नाही. आडत्याच्या शोषणाच्या कहाण्या मराठवाड्याला नव्या नाहीत आणि जुने ते सारे चांगले, असे म्हणण्याचे कारण नाही. तरीही शहर आणि शिवार यांची रोजची गाठ पडण्याची जागा म्हणून मोंढ्याचे महत्त्व नाकारता येत नाही.

अशीच आणखी एक जागा म्हणजे हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा. दर फेब्रुवारीत तेथील उरुसाला पंचक्रोशीतून सर्व धर्मांचे लोक येतात. याच जिल्ह्यात गोदावरीकाठी गंगाखेड आहे, संत जनाबाईंचे गाव. वारी आणि उरूस या दोन्हींची तारीख ज्या घरांत ठाऊक असते, ती घरे या प्रदेशाचा स्वभाव सांगतात.

बियाण्याच्या पिशवीवरचे नाव

परभणीचे नाव सर्वांत दूर कोणी नेले असेल, तर ते बियाण्याने. येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाने भेंडीची 'परभणी क्रांती' ही जात तयार केली. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाने तेव्हा शेतकरी हैराण झाले होते. लागवडीतील भेंडीचा रानटी जातीशी संकर करून त्या रोगाला तोंड देणारे हे वाण मिळवण्यात आले आणि ते देशातील अनेक राज्यांत पोहोचले. परभणी नकाशावर कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनीही 'परभणी' पेरली. ज्वारीच्या 'परभणी मोती' आणि 'परभणी ज्योती' या जाती याच शिवारातल्या. २०१८ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' ही लोह व जस्त अधिक असलेली ज्वारी प्रसारित झाली. याच विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्राने १९८० च्या दशकात 'नांदेड ४४' हा कापसाचा संकरित वाण दिला आणि त्यालाही गावाचेच नाव मिळाले.

शेजारच्या जालन्याची गोष्टही बियाण्याचीच आहे. 'जालना सोने का पालना' अशी त्या शहराची जुनी ख्याती. तेथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जगाच्या बाजारात उतरण्यासाठी स्वतःची ओळख पुसावी लागत नाही, हे या दोन शहरांनी दाखवून दिले. येथल्या मातीतला प्रश्न येथेच सोडवायचा आणि उत्तर जगाला द्यायचे, हा खरा मार्ग.

जागतिक व्यापाराच्या नियमांतही याला आधार आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळेच भारताने १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा केला आणि तो २००३ पासून अमलात आला. पैठणी साडी, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा यांना या कायद्याखाली संरक्षण मिळाले आहे. ज्या व्यवस्थेवर सर्वत्र एकसारखेपणा आणल्याचा आरोप होतो, तिनेच स्थानिकतेला किंमत मिळवून देणारे हत्यारही दिले. मात्र मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून भागत नाही. तो जिन्नस पिकवणारे आणि विणणारे हात टिकावे लागतात.

सपाटीकरण आधी शेतात आले

शहरे सारखी दिसू लागल्याची तक्रार आपण मॉल आणि पाट्यांकडे बोट दाखवून करतो. वस्तुतः हा बदल शहरांच्या आधी शिवारात झाला. गेल्या दोन-तीन दशकांत मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन सर्वदूर पसरले आणि ज्वारी, मूग, उडीद मागे पडले. कापसात २००२ नंतर जनुकीय बदल केलेली बियाणी आली. पिशवीवर गावाच्या नावाऐवजी कंपनीचे नाव आणि क्रमांक आला. शेतकऱ्याने हे काही हौसेने केले नाही. सोयाबीन कमी दिवसांत येते, मजूर कमी लागतात आणि रोख पैसा हातात पडतो. ज्वारीच्या काढणीला माणसे मिळत नाहीत आणि पाखरे राखायला घरात कोणी उरलेले नाही.

परंतु त्याचे परिणाम दूरवर गेले. ज्वारी घरात खाल्ली जाई, तिचा कडबा बैलांना होई, हुरड्याच्या दिवसांत शहरातले पाहुणे शेतावर येत. सोयाबीन थेट तेलगिरणीकडे जाते. ज्या घरात ते पिकते, त्या घरातल्या परातीत ते कधी येत नाही. त्याचा भाव शिकागोचा वायदेबाजार, ब्राझील-अर्जेंटिनातले पीक आणि दिल्लीचे आयात धोरण यांवर ठरतो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला १० हजार रुपयांच्या आसपास गेला होता. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. झरीच्या शेतकऱ्याचे सुखदुःख अशा रीतीने त्याला न दिसणाऱ्या ठिकाणी ठरू लागले. शेताला स्वतःची चव राहिली नाही, तर त्यावर उभ्या असलेल्या शहराला ती कोठून येणार?

याला दुसरीही बाजू आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि गरिबाची म्हणून हिणवली गेलेली भाकरी शहरी उपाहारगृहांच्या यादीत मानाने आली. मागणी वाढली असताना ज्वारीचे आगर असलेल्या प्रदेशाने ती केवळ पोत्यांत भरून बाहेर पाठवावी, की तिच्याभोवती स्वतःचे उद्योग आणि खाद्यसंस्कृती उभी करावी, हा निर्णय येथल्याच लोकांच्या हाती आहे.

दाखवण्याचे वेगळेपण आणि जगण्याचे

अलीकडे शहरांना ओळख मिळवून देण्याचे प्रयत्न सरकारी पातळीवरही होतात. चौकात रंगीत अक्षरांत शहराचे नाव, त्यापुढे लाल हृदय आणि छायाचित्रासाठी जागा. गंमत अशी की, वेगळेपण दाखवण्याची ही पद्धतही सर्व शहरांत एकच आहे. त्याउलट लातूर-धाराशिव भागातील वेळा अमावस्येचे उदाहरण घ्यावे. मार्गशीर्ष अमावास्येच्या त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस पडतात, दुकाने बंद राहतात, कारण शहर शेतात गेलेले असते. भज्जी, आंबील आणि भाकरी बरोबर घेऊन डॉक्टर, वकील, व्यापारी, विद्यार्थी कोणाच्या ना कोणाच्या शेतावर पंगतीला बसतात. ज्याला शेत नाही त्याला आमंत्रण असते. कोणत्याही सल्लागार संस्थेने हा सण आखलेला नाही आणि दुसऱ्या शहराला त्याची नक्कलही करता येणार नाही.

शहराला भाषेतून स्वतःकडे पाहणारी माणसेही लागतात. परभणीत बी. रघुनाथ होऊन गेले. १९१३ मध्ये सातोना येथे जन्मलेले हे कवी-कादंबरीकार निजामी राज्यात सरकारी कचेरीत नोकरी करता करता मराठीत लिहीत राहिले. १९५३ मध्ये परभणीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या एका कादंबरीचे नाव 'जगाला कळले पाहिजे' असे आहे. परभणीच्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे. याच शहरात १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. इंद्रजित भालेराव यांच्या कवितेत आणि आसाराम लोमटे यांच्या कथांत हे शिवार आजही बोलते. लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या लेखकांनी शहरात राहून गावाकडे पाठ फिरवली नाही, हे त्यांच्या यशाचे एक कारण म्हणता येईल.

परतीची जागा

परभणीबद्दल आणखी एक म्हण आहे: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' बाहेर जाऊन नशीब अजमावावे, जमले तर उत्तम, न जमले तर परतायला परभणी आहेच, असा तिचा अर्थ लावला जातो. दखनीतला तो यमक विनोदी वाटतो. पण त्यात मोठा धीर आहे. पाठीशी एक जागा आहे, हा विश्वास असलेला माणूस जगात निर्धास्त वावरतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून मराठवाड्यातील गावांकडे परतलेल्या हजारो कुटुंबांनी ही म्हण अक्षरशः अनुभवली. महानगराने हात वर केले, तेव्हा गावाने त्यांना घरात घेतले.

त्यांपैकी पुष्कळ जण नंतर पुन्हा निघून गेले, कारण येथे काम नव्हते. कळीचा मुद्दा हाच आहे. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाखांवर गेली आणि त्याच वर्षी तेथे महानगरपालिका आली. दर्जा वाढला, पण शिकलेल्या मुलाला थांबवील असे काम त्या प्रमाणात वाढले नाही. केवळ आठवणींच्या बळावर शहराचे वेगळेपण टिकत नाही. ज्वारीवर प्रक्रिया करणारा उद्योग, विद्यापीठातील संशोधनावर उभा राहणारा बियाणे व्यवसाय, उष्ण हवेला साजेशी घरे बांधणारे कारागीर आणि अभियंते, मोंढ्यात शेतकऱ्याला रास्त भाव देणारी व्यवस्था, या गोष्टी झाल्या तर वेगळेपण आपोआप राहील. त्या झाल्या नाहीत, तर बोली, भाकरी आणि म्हणी वर्षातून एकदा भरणाऱ्या महोत्सवापुरत्या उरतील.

जिंतूर रस्त्याने सकाळी एसटीतून शहरात येणाऱ्यांत शेतकरी असतात, भाजी विकणाऱ्या बायका असतात आणि पाठीवर दप्तर घेतलेली मुलेही. त्या मुलांना परभणी हे पुण्याच्या गाडीत बसण्याचे केवळ स्थानक वाटते की पोचण्याचे ठिकाण, यावर या शहराचे पुढचे रूप ठरेल. जर्मनीशी तुलना करण्याचा मान नंतरचा. आधी झरीच्या मुलाला परतावेसे वाटेल असे गाव आणि शहर राखणे, हे येथल्या नागरिकांचे, लोकप्रतिनिधींचे आणि विद्यापीठाचे काम आहे.